दुसऱ्या खुर्चीमागे

दुपारचं जेवण झालं की भाऊजी डबा धुऊन पालथा घालायचे आणि दुकानाच्या मागच्या बाजूला, जिथे ओले टॉवेल वाळत असायचे, त्या पडद्याआड जायचे. खिशातून एक गोळी काढायचे, जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटून मोठा पेलाभर पाणी एका दमात संपवायचे. मग पेला विसळून जागेवर ठेवायचा, मिशीवरचं पाणी बोटाने निपटायचं आणि बाहेर येऊन म्हणायचं, "चला, कोणाचा नंबर?"

ती गोळी रक्ताच्या कॅन्सरची होती. दुकानात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन खुर्च्यांचं ते सलून. पहिल्या खुर्चीमागे भाऊजी उभे राहायचे आणि दुसऱ्या खुर्चीमागे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यालाही हे माहीत नव्हतं. त्याला तर मुद्दामच सांगितलं नव्हतं.

या मेहुण्याला गिऱ्हाइकं रेडिओ म्हणत. कात्री चालू झाली की तोंड चालू, आणि कात्री थांबली तरी तोंड चालूच. दोन धंद्यांत हात पोळून तो बहिणीच्या दारात आला होता, तेव्हा भाऊजींनी एका शब्दानेही काही न विचारता त्याच्या हातात वस्तरा आणि फुगा दिला होता. फुग्याला साबण फासायचा आणि वस्तऱ्याने तो हलकेच काढायचा. फुगा फट्कन फुटायचा आणि सगळा फेस रेडिओच्या तोंडावर यायचा.

"भाऊजी, अजून किती फोडू?"

"फुगा फुटला तर साबण उडतो. गाल फुटला तर गिऱ्हाईक उडतं. तू आपला फोड सावकाश."

भाऊजींचं बोलणं इतकंच असायचं, आणि तेही खाली बघून. कोणाचं टक्कल कुठून सुरू झालंय, कोणाच्या मानेवर कसली खूण आहे, कोण खुर्चीत बसून डोळे पुसतं, हे सगळं त्यांना माहीत. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचं आणि डोक्यातलं, दोन्ही दुकानातच झाडून टाकायचं, असा त्यांचा नेम. रेडिओला हा नेम कधी पटला नाही. झाडलेलं सगळं तो उचलून पुढच्या गिऱ्हाइकाला वाढायचा.

आजार कळला तो डाव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणून केलेल्या तपासणीत. डॉक्टरीणबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं, "हा रक्ताचा कॅन्सरच आहे, पण सावकाश चालणारा. पूर्वी याचं नाव निघालं की आम्हीच खाली बघायचो. आता रोजची एक गोळी आहे. ती नेमाने घेणाऱ्या शंभरांतले ऐंशीहून जास्त लोक दहा वर्षांनीसुद्धा आपापल्या कामावर असतात. मात्र बरं वाटतंय म्हणून थांबवायची नाही. आणि काही त्रास झाला तर मला येऊन सांगायचं."

बाहेर आल्यावर भाऊजी बायकोला म्हणाले, "शंभरांत ऐंशी! एवढी खात्री तर मी दाढीचीही देत नाही." आणि थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "दुकानात कळता कामा नये. रक्ताचा आजार म्हटल्यावर माझ्या वस्तऱ्याखाली मान कोण देईल?"

"अहो, तो काय एकाचा दुसऱ्याला होतो का?"

"ते तुला माहीत, मला माहीत. मानेला माहीत नाही ना. आणि तुझ्या भावाला तर मुळीच सांगू नकोस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला सांगितलं काय आणि चौकात फळा लावला काय, सारखंच."

बायकोने, म्हणजे रेडिओच्या ताईने, शब्द दिला, आणि पाळलाही.

गोळीने आपलं काम केलं. रक्त ताळ्यावर आलं, बरगडीखालचा जडपणा गेला. पण कोणतंही औषध फुकट काम करत नाही. सकाळी उठल्यावर भाऊजींचे डोळे सुजलेले असत. पापण्यांखाली पाण्याच्या पिशव्या लोंबत, आणि दुपारपर्यंतही त्या पुरत्या ओसरत नसत. दुसरी खोड हाताची. ऐन दाढीत बोटं एकदम आखडायची, अंगठा तळव्याकडे ओढला जायचा. अशा वेळी ते वस्तरा गालावरून उचलायचे आणि टॉवेलला पुसत राहायचे. पुसण्यासारखं त्यावर काही नसायचं. बोटं सुटेपर्यंत ते नुसते पुसत उभे राहायचे.

रेडिओ हे दुसऱ्या खुर्चीमागून बघत होता. सुजलेले डोळे, अडखळणारा हात आणि रोज दुपारी पडद्याआड जाऊन रिकामा केलेला पेला. त्याने बेरीज केली. एकदा भाऊजी बाहेर गेल्यावर त्याने तो पेला नाकाशी धरूनही पाहिला. वास नव्हता. पण वास न येणारी दारूही असते, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. त्यामुळे वास न येणं हाच पक्का पुरावा ठरला.

तो ताईकडे गेला. ती पोळ्या लाटत होती.

"ताई, राग मानू नकोस. भाऊजी पितात."

ताईला आधी हसू आलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून ते विरलं. लाटणं तिच्या हातात तसंच राहिलं. खरं काय ते तिच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," ती शेवटी म्हणाली. "चाळीस वर्षांचा घोडा झालास, अजून अक्कल नाही. जेवायचंय की जाणार आहेस?"

बायका नवऱ्याचं झाकतातच, असं मनाशी म्हणत रेडिओ जेवायला बसला. पोळी छान झाली होती. दोन जास्तच खाल्ल्या त्याने.

त्यानंतर काही दिवसांनी ते घडलं. म्हटलं तर काहीच घडलं नाही. सकाळची वेळ होती. शाळेतले ड्रॉइंग मास्तर बाकावर बसून वर्तमानपत्र चाळत होते. ते भाऊजींचं कितीतरी वर्षांचं गिऱ्हाईक. एक दिवसाआड दाढी, आणि ती पहिल्या खुर्चीतच. भाऊजी दुसऱ्या कोणाची तरी दाढी करत होते आणि मध्येच त्यांचा हात आखडला. वस्तरा उचलून ते टॉवेलला पुसू लागले, मान खाली घालून, बराच वेळ. रेडिओची खुर्ची रिकामी होती. तो बाकापाशी मास्तरांसमोर उभा होता.

"काय रे," मास्तर हळूच म्हणाले, "आज तुझ्या भाऊजींचं काय बिनसलंय?"

रेडिओ काही बोलला नाही. आपण बोललो नाही, याचं त्याला नंतर बरेच दिवस कौतुक वाटत होतं. त्याने फक्त मूठ वळली, अंगठा ओठांना लावला आणि मान जराशी मागे टाकली. बाटली तोंडाला लावावी तशी.

मास्तरांच्या भुवया वर गेल्या. खुर्चीतलं गिऱ्हाईक उठल्यावर भाऊजींनी कापड झटकलं आणि म्हणाले, "या मास्तर."

"असू दे," मास्तर म्हणाले, "आज जरा रेडिओ ऐकतो." आणि ते दुसऱ्या खुर्चीत बसले. दुकानात हशा पिकला. भाऊजीही हसले. त्यांनी ते कापड पुन्हा एकदा झटकलं, त्याची नीट घडी घातली आणि ती पहिल्या खुर्चीच्या हातावर ठेवली.

मास्तरांच्या गालावर ब्रश फिरवताना रेडिओला काय वाटत होतं, हे त्याने पुढे कोणालाच सांगितलं नाही. त्याला आनंद झाला होता. फुगे फोडत शिकलेल्या माणसाच्या हाताखाली आज पहिल्या खुर्चीचं गिऱ्हाईक आलं होतं.

मास्तरांमागून आणखी दोघं-तिघं आले. पहिली खुर्ची दिवसातून बराच वेळ रिकामी राहू लागली. आणि मग, काही आठवडे गेल्यावर, भाऊजी सुधारले. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या. हात पूर्वीसारखा, लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरू लागला. दुपारचं पडद्याआड जाणंही बंद झालं. रेडिओने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. भाऊजी नसताना तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आपण कोणाला उपदेश करत नाही. नुसती एक हवा केली, दारू आपोआप सुटली." गिऱ्हाइकं पहिल्या खुर्चीकडे परतली. रेडिओने ती मोठ्या मनाने जाऊ दिली.

एकदा दुकान उघडताना भाऊजींनी आरशात स्वतःला न्याहाळलं आणि विचारलं, "आता बरा दिसतो ना रे मी?"

"बरे? नवरदेव दिसता, नवरदेव!"

भाऊजी समाधानाने हसले आणि ब्रश भिजत घालायला गेले.

थंडी सुरू झाली तशी त्यांची चाल मंदावली. जिना चढताना ते मध्येच थांबू लागले. हाडं ठणकतात म्हणू लागले. संध्याकाळी अंगात कणकण असायची. ताई पुन्हा पुन्हा म्हणायची, तपासणीची तारीख उलटून गेली, चला. आणि ते म्हणायचे, या गर्दीतून जरा मोकळा होऊ दे. मग एका सकाळी रेडिओ दुकानात आला तेव्हा भाऊजी पहिल्या खुर्चीत बसले होते. त्या खुर्चीत ते बसलेले त्याने कधीच पाहिले नव्हते.

"काय भाऊजी, आज दाढी करून घ्यायचीय?"

"नाही रे. जरा पाठ टेकतो."

त्यांच्या मनगटावर, गळ्याशी, कॉलरखाली निळे-जांभळे डाग होते. कुठेही आपटल्याशिवाय उठलेले. रेडिओने रिक्षा बोलावली आणि वाटेत ताईला घेतलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गोळी कधीपासून बंद केलीत?"

गृहपाठ न केलेल्या मुलासारखी भाऊजींनी मान खाली घातली. "उन्हाळ्यापासून."

ताईने दोन्ही हात तोंडावर धरले. घरी पाकिटातली रोजची गोळी कमी होताना ती बघत होती. ती गोळी खिशातून दुकानात आणि दुकानातून नाल्यात जात होती, हे तिला तेव्हा कळलं.

"का?"

"डोळे सुजायचे. हात आखडायचा. गिऱ्हाईक बघायचं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला सांगायचं होतंत. मात्रा कमी करता आली असती. दुसरी गोळी देता आली असती, एक सोडून दोन-तीन प्रकारच्या आहेत. त्रास झाला तर सांगा, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

"म्हटलं असेल," भाऊजी म्हणाले. "मी ऐंशी ऐकलं आणि खूश झालो. पुढचं कानात शिरलंच नाही."

रेडिओ दारात उभा होता. कसली गोळी, कसला हात, त्याला काही उमगेना. भाऊजींना आत नेल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर ताईने त्याला सगळं सांगितलं. पहिल्या तपासणीपासून, पडद्याआडच्या पेल्यापर्यंत. तो ऐकत होता आणि त्याचे कान तापत होते.

"तू पोळ्या खायला आला होतास ना, त्या दिवशीच तुला सांगायला हवं होतं," ताई म्हणाली. "शब्द पाळत बसले मी. नंतर एकदा दुकानातून आले ते पाय न धुताच बसले. म्हणाले, लोक मला दारुडा समजतात. मी विचारलं, कोण म्हणालं? तर म्हणाले, कोणी म्हणालं नाही. दिसलं."

"दिसलं?"

"हो, असंच म्हणाले. दिसलं. मी म्हटलं, जाऊ दे हो, लोकांचं काय घेऊन बसलात. आणि विषय सोडून दिला. तेव्हाच सोडली असणार त्यांनी." तिने पदराने नाक पुसलं. "बायको ना मी? शेजारी झोपते आणि मला कळू नये?"

रेडिओला वाटलं, आत्ता बोलावं. पण तो उठला आणि तिच्यासाठी चहा आणायला गेला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. आजाराने चाल बदलली आहे, कच्च्या पेशी रक्तात उतरल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. आता औषध सलाइनमधून द्यायचं, जोडीला जास्त ताकदीची गोळी. आजार मागे हटला, तर नात्यातल्या कोणाचा तरी बोन मॅरो जुळतो का ते बघायचं. "हे सगळं नीट पार पडलं, तरी दहांतले तीन-चारच वाचतात. मी तुम्हाला फसवणार नाही."

"आणि गोळी चालू असती तर?" ताईने विचारलं.

"गोळी चालू असतानाही एखाद्याचं असं होतं," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण एखाद्याचंच."

"माझा घ्या," रेडिओ एकदम म्हणाला. "बोन मॅरो. काय लागेल ते घ्या."

"तुम्ही त्यांचे कोण?"

"मेहुणा."

"रक्ताचं नातं असलं तर जुळण्याची आशा जास्त. त्यांच्या भावाला बोलावलंय आम्ही. तुमचा जुळणं जवळजवळ अशक्य आहे. प्लेटलेट्स देता आल्या तर द्या."

ते 'एखाद्याचं' मात्र रेडिओने घट्ट धरून ठेवलं. तो एखादा भाऊजीच असणार, गोळी असती तरी हेच झालं असतं, असं स्वतःला समजावत तो जिन्यापर्यंत गेला. जिना उतरेपर्यंत ती समजूत पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं आणि कधी नव्हे तो पहिल्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. समोर भिंतभर आरसा. पाठीमागे बाकाच्या वरच्या भिंतीवरही तेवढाच आरसा, गिऱ्हाइकाला आपल्या डोक्याची मागची बाजू दिसावी म्हणून लावलेला. इतकी वर्षं रोज पुसलेले आरसे. पण गिरणीजवळ राहणाऱ्याला जसा भोंगा ऐकू येईनासा होतो, तसे त्याला आरसे दिसेनासे झाले होते.

तेवढ्यात ड्रॉइंग मास्तर आले आणि बाकापाशी, नेमके त्याच जागी उभे राहिले. "उस्ताद कुठे? काल दुकानही बंद दिसलं." मग त्यांनी डोळा बारीक केला. "का रे, पुन्हा सुरू झाली?" आणि अंगठा ओठांना लावून मान मागे टाकली.

रेडिओ त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. तरी समोरच्या आरशात त्याला सगळं दिसत होतं. मास्तरांची मूठ, अंगठा, ओठांवरचं हसू. त्यांच्या मागच्या आरशात त्यांची पाठसुद्धा. त्या दिवशी इथे मान खाली घालून वस्तरा पुसणाऱ्या माणसाने नुसती नजर वर उचलली असती तरी पुरे होतं.

खुर्चीची पाठ त्याने दोन्ही हातांनी धरली. "मास्तर, ते पीत नव्हते. कधीच नाही. त्यांना रक्ताचा कॅन्सर आहे. डोळे आणि हात, ते सगळं औषधाने होत होतं."

"अरे, पण तूच तर—"

"मी खोटं सांगितलं. माहीत नव्हतं आणि तरी सांगितलं."

मास्तर बाकावर बसले. म्हणाले, "आणि मी खुर्ची बदलली." त्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही.

पुढे जे जे गिऱ्हाईक आलं, त्याला रेडिओ हेच सांगत राहिला. पसरवायला एक खूण पुरली होती, गोळा करताना तोंड कोरडं पडू लागलं. बहुतेक हळहळले. एकाने मात्र, "रक्ताचा?" असं म्हणत नकळत आपल्या मानेवरून हात फिरवला. भाऊजींना जी भीती होती, ती खोटी नव्हती. त्या हाताकडे बघताना रेडिओला आणखीच लाज वाटली. आधी त्यांच्याबद्दल खोटं पसरवलं, आणि आता आपल्याच तोंडाने त्यांचं खरं गुपितही फोडलं, हे त्याच्या ध्यानात आलं.

राहिली ती एकच गोष्ट, भाऊजींना सांगण्याची. रोज दवाखान्यात जाताना तो वाक्य जुळवायचा आणि खाटेपाशी पोचला की हवापाण्याचं काहीतरी बोलायचा. त्याने प्लेटलेट्स दिल्या. ताईला घरी पाठवून रात्रपाळ्या केल्या. डबा नेला, भांडी घासली. आभार मानावेत इतकं केलं, आणि भाऊजींनी आभार मानले की त्याला तिथून पळून जावंसं वाटायचं.

भाऊजी वाचले नाहीत. औषधाने आजार थोडा हटला, भावाचा मॅरोही जुळला. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यात पुन्हा थोडी उमेद आली होती. पण अंगात लढायला पांढऱ्या पेशी उरल्या नव्हत्या तेवढ्यात फुप्फुसात जंतू शिरले. शेवटचे काही दिवस ते तोंडावर मास्क लावून पडून होते. पाणी, दुखतंय, कूस बदला, इतकंच ते बोलत. आपल्या चालीने, आपल्या आवाजात ते शेवटचे बोलले, ते ताप चढण्याच्या आदल्या दिवशी.

औषधाने केस गळू लागले होते. उशीवर, कॉलरवर, चहाच्या कपात केस. भाऊजींनी निरोप धाडला, येताना मशीन घेऊन ये. वस्तरा आणू नको, इथे चालत नाही, एवढं खरचटलं तरी रक्त थांबायचं नाही. नर्सने मशीन स्पिरिटने पुसून दिलं. खिडकीपाशी स्टुलावर भाऊजी बसले. रेडिओने त्यांच्या खांद्यांवर दुकानातलं कापड टाकलं, मानेशी बांधलं. इतकी वर्षं शेजारी उभं राहून त्याने या डोक्याला कधी हात लावला नव्हता. भाऊजी आपले केस दुसऱ्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कारागिराकडून कापून घ्यायचे. मेहुण्याकडून सेवा नको, म्हणायचे.

त्याने कपाळापासून सुरुवात केली. पांढरट केस कापडावर घसरत होते. खोलीत आरसा नव्हता. त्याला भाऊजींचं तोंड दिसत नव्हतं, भाऊजींना त्याचं. माथा झाला, डावी बाजू झाली, आणि मशीन चालू असतानाच तो बोलला.

"भाऊजी, मास्तरांना मी खूण केली होती. तुम्ही पिता म्हणून. मीच केली होती."

भाऊजींचे खांदे कापडाखाली हलले नाहीत. मशीन एका जागी नुसतं घरघरत होतं. रेडिओने ते पुन्हा डोक्याला लावलं, उजवी बाजू केली, मागची मान केली. हाताने केस झटकले. वाट बघितली. मग मशीन बंद केलं आणि मानेमागची गाठ सोडायला हात नेला.

भाऊजींनी कापडाखालून हात काढला आणि डोक्यावरून सावकाश फिरवला, कारागीर आपलं काम तपासतो तसा. बोटं एका जागी थांबली.

"कानामागे राहिलंय," ते म्हणाले. "तिथून एकदा फिरव."